पाचव्या मिनिटाला मुकी होणारी वॉकीटॉकी

प्रश्न कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यातून आला आहे. देखभाल विभाग सांभाळणारे गृहस्थ विचारतात: माल स्कॅन करायची अँड्रॉइडची ४० हँडहेल्ड आमच्याकडे आहेत. वेगळे वॉकीटॉकी घेण्याऐवजी त्यांच्यावरच बटण दाबून बोलायचं ॲप टाकलं, कारखान्याच्याच वायफायवर. वर्षभर उत्तम चाललं. जूनमध्ये वीज पडून नेटवर्कच्या वायरी जोडणारा मुख्य स्विच जळला, नवा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच बसवला. तेव्हापासून ॲप उघडलं की चार-पाच मिनिटं सगळ्यांना ऐकू येतं. मग एका शेडमधलं बोलणं त्याच शेडमध्ये ऐकू येतं, दुसऱ्या शेडला नाही. ॲप बंद करून उघडलं की पुन्हा सुरळीत. पुरवठादार म्हणतो, हँडहेल्ड जुनी झाली, बदला. बदलू का?

बदलू नका. तुम्ही जे लक्षण लिहिलंत, त्यातच निदान आहे. गोव्यात गेली अठरा वर्षं मी हॉटेलं, औषधांचे कारखाने आणि गोदामं यांची वायरलेस नेटवर्क उभी करतोय, आणि हा 'पाचव्या मिनिटाचा' आजार इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता दारातूनच ओळखू येतो. दोष हँडहेल्डमध्ये नाही, नव्या स्विचमध्येही नाही. त्या स्विचला एक गोष्ट कुणी सांगितली नाही, एवढंच.

तुमच्या ॲपला सर्व्हर नाही. एकाने बटण दाबलं की त्याचं हँडहेल्ड आवाजाची पाकिटं, म्हणजे छोटे-छोटे तुकडे, एका सामायिक गट-पत्त्यावर पाठवतं आणि ज्यांनी तो चॅनल लावलाय ते सगळे ती एकदम उचलतात. ह्याला मल्टिकास्ट म्हणतात. गावात दवंडी पिटावी तसं: पिटणारा एकदाच ओरडतो, ऐकणारे कितीही असोत. तुमचा जळलेला साधा स्विच ही दवंडी प्रत्येक वायरीवर पाठवत होता, कुणाला हवी-नको न बघता. नवा स्विच शहाणा आहे. कोणत्या वायरीच्या टोकाला ऐकणारं कुणी आहे याची तो नोंद ठेवतो आणि तिथेच पाकिटं सोडतो. या नोंद ठेवण्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात, आणि बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये ते कारखान्यातूनच चालू होऊन येतं.

ॲप उघडताना हँडहेल्ड एकदाच सांगतं, 'मला हा गट हवा.' स्विच नोंद करतो. पण ती नोंद कायमची नसते. नेटवर्कवरच्या कुणीतरी ठरावीक वेळाने 'अजून कोण ऐकतंय?' असं विचारायचं असतं आणि हँडहेल्डनी 'मी आहे' म्हणायचं असतं. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. नेहमीच्या मांडणीत तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, आणि २६० सेकंद कुणाचंच उत्तर आलं नाही तर नोंद पुसली जाते. तुमच्याकडे विचारणाराच नाही. त्यामुळे चार मिनिटं वीस सेकंदांनी स्विच समजतो की ऐकणारं कुणी उरलं नाही आणि दुसऱ्या शेडची वायर बंद करतो. त्याच शेडमध्ये आवाज का पोचतो? तिथला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, स्वतःच्या हवेतली पाकिटं स्वतःच परत सोडतो, त्यांना स्विचपर्यंत जावं लागत नाही. आणि ॲप पुन्हा उघडल्यावर नवी नोंद होते, म्हणून पुढची चार मिनिटं पुन्हा बरी जातात.

उपाय सोपा आहे. मुख्य स्विचवर, ज्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या ज्या वेगळ्या कप्प्यात, हँडहेल्ड आहेत त्या व्हीलॅनसाठी, आयजीएमपी क्वेरिअर चालू करा आणि स्विचला त्या व्हीलॅनमधला एक आयपी पत्ता द्या. पत्ता नसला तर बरेच स्विच प्रश्न विचारतच नाहीत, किंवा शून्य पत्त्यावरून विचारतात आणि काही उपकरणं तो प्रश्न मानत नाहीत. दोन ठिकाणी क्वेरिअर चालू राहिला तरी बिघडत नाही, ज्याचा आयपी पत्ता लहान तो जिंकतो. प्रश्नाचा अवधी मात्र १२५ वरून ३० सेकंदांवर आणा. हँडहेल्ड घेऊन माणूस एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे चालत गेला, तर नव्या ठिकाणी त्याची नोंद पुढचा प्रश्न येईपर्यंत होईलच अशी खात्री नसते. दोन मिनिटं बहिरा राहण्यापेक्षा अर्धं मिनिट परवडलं.

काही लोक सांगतील, स्नूपिंगच बंद करून टाका. त्यानेही आवाज परत येईल. पण मग दवंडी पुन्हा प्रत्येक वायरीवर, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर जाणार. ऑफिस, सीसीटीव्ही, कॅन्टीन, त्याच व्हीलॅनमध्ये असेल तर काहीच सुटणार नाही. चाळीस उपकरणांना खपून जाईल, पण मी तो मार्ग घेत नाही.

एवढ्याने तुमचा मुख्य त्रास जाईल असं मी खात्रीने म्हणतो. पण तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की लोडिंगच्या धक्क्यावर आवाज 'तुटक-तुटक' येतो, तो आधीपासूनच येत होता. ते दुखणं वेगळं, आणि ते वायरीत नाही, हवेत आहे.

वायफायवर एकाने एकाला पाकीट पाठवलं तर घेणारा पोच देतो. पोच आली नाही तर पाकीट पुन्हा जातं. मल्टिकास्टला पोच नसते. हरवलं ते हरवलं. शिवाय सगळ्यात लांबच्या, सगळ्यात क्षीण उपकरणालाही कळावं म्हणून ॲक्सेस पॉइंट ही पाकिटं आपल्या सक्तीच्या वेगांपैकी बहुधा सर्वात कमी वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर काहीच बदललेलं नसेल तर तो वेग असतो १ एमबीपीएस. हिशोब करून बघा. जी.७११ या साध्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज पाकिटांत बांधायच्या पद्धतीत, सेकंदाला ५० पाकिटं, वेष्टणासकट प्रत्येक सुमारे २३६ बाइट. १ एमबीपीएसने एका पाकिटाला हवेत सुमारे २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक माणूस बोलत असताना सेकंदातले १०० मिलिसेकंद, हवेचा दहावा हिस्सा, त्यानेच खाल्ला. आणि तेच पाकीट प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सोडतो. एकाच चॅनलवरचे तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकत असतील तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. त्यात दुसऱ्या गटावर आणखी कुणी बोलायला लागला की स्कॅनिंगही अडखळतं. मग लोक म्हणतात, 'वॉकीटॉकी टाकल्यापासून सिस्टम स्लो झाली.' ते खरंच असतं.

म्हणून सक्तीचा किमान वेग १२ एमबीपीएस करा आणि १, २, ५.५, ११ हे जुने वेग बंद करा. तेच पाकीट मग दोन दशांश मिलिसेकंदाच्या आसपास जातं आणि दहावा हिस्सा शंभराव्या हिश्शावर येतो. हे करण्याआधी कारखान्यात एक फेरी मारा. एखादा जुना वजनकाटा किंवा लेबल प्रिंटर अजून फक्त जुने वेग बोलणारा निघतो आणि सोमवारी सकाळी तो नेटवर्कवरून गायब होतो. त्याला वायर ओढून द्या. आणि ॲपमध्ये ओपससारखा कोडेक निवडता येत असेल तर तो निवडा. ओपस अगदी ६ केबीपीएसपर्यंत खाली उतरतो. बोलण्यासाठी १६ ते २४ पुरेसे होतात.

आता झोपेची गोष्ट, कारण इथेच सर्वात जास्त लोक फसतात. बॅटरी वाचवण्यासाठी हँडहेल्ड आपला रेडिओ झोपवतं. ॲक्सेस पॉइंटवर एक जरी उपकरण असं झोपलेलं असलं, तरी तो सगळ्यांसाठीची मल्टिकास्ट पाकिटं अडवून ठेवतो आणि ठरलेल्या बीकननंतरच, म्हणजे त्याच्या 'मी इथे आहे' या नियमित हाकेनंतरच, एकदम सोडतो. ही ठरलेली वेळ म्हणजे डीटीआयएम. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो. डीटीआयएम ३ ठेवला असेल तर पाकिटं ३०७ मिलिसेकंदांपर्यंत अडतात आणि मग पंधरा-पंधराचा लोंढा येतो. एकमार्गी आवाजाला १५० मिलिसेकंदांहून जास्त उशीर नसावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. बटण दाबून बोलताना त्याहून थोडा उशीर खपतो, कारण एका वेळी एकच बोलतो. पण लोंढा खपत नाही. ॲपचा बफर, म्हणजे आलेली पाकिटं थोपवून ठेवायची जागा, तेवढा मोठा नसेल तर मधली पाकिटं फेकली जातात, आणि तोच तुमचा 'तुटक-तुटक' आवाज. हँडहेल्डच्या नेटवर्कवर डीटीआयएम १ किंवा फार तर २ ठेवा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण आठ तासांची पाळी बहुतेक हँडहेल्ड तरीही काढतात. पाळी संपताना चार्जिंगच्या क्रेडलवर ठेवायची सवय मात्र हवी.

याच रस्त्यावर एक जुळं दुखणं भेटतं. वायफायची सगळ्यांसाठीची सामायिक किल्ली ठरावीक वेळाने बदलते, पुष्कळदा तासाला. त्या क्षणी गाढ झोपलेलं एखादं हँडहेल्ड नवी किल्ली चुकवतं. त्याचं स्कॅनिंग व्यवस्थित चालतं, कारण त्याची वैयक्तिक किल्ली वेगळी असते, पण गटावरचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. तासातासाने एखाद-दुसरं उपकरण बहिरं होत असेल तर आधी हे तपासा.

मग मल्टिकास्टचा हा व्याप हवाच कशाला? रास्त शंका आहे. चाळीस उपकरणांसाठी आज नव्याने कुणी मला विचारलं तर मी कारखान्याच्या आतच छोटा सर्व्हर ठेवून प्रत्येकाला वेगळं पाकीट, म्हणजे युनिकास्ट, पाठवणारी व्यवस्था सुचवेन. घरोघर निरोप द्यायचा, पण प्रत्येकाकडून पोच घेऊन. पाकीट हरवलं तर पुन्हा जातं, वेग चांगला मिळतो, झोपेचा घोळ कमी होतो. अनेक कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रणेत, ॲक्सेस पॉइंटवरच मल्टिकास्टचं युनिकास्ट करून देण्याची सोय असते. तुमच्याकडे ती असेल तर काही न विकत घेता हाच लाभ मिळेल, आधी ती शोधा. क्लाउडवरच्या वॉकीटॉकी सेवा मात्र कारखान्याच्या आतल्या कामासाठी मला पटत नाहीत. धक्क्यावरचा माणूस आणि फोर्कलिफ्टवाला यांच्यात पन्नास मीटर अंतर, आणि त्यांचं बोलणं इंटरनेटवरून फिरून येणार. रस्ता खोदताना फायबर तुटली की दोघं मुके. गोव्यात रस्ता खोदणं किती वारंवार होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्राधान्याबद्दल थोडक्यात. आवाजाच्या पाकिटांवर ॲपने डीएससीपी ४६ हा शिक्का मारायला हवा, आणि ॲक्सेस पॉइंटने तो शिक्का वायफायच्या आवाजाच्या रांगेत बसवायला हवा. आपोआप सोडलं तर अनेक उपकरणं पहिले तीनच बिट बघतात आणि ४६ ला व्हिडिओच्या रांगेत टाकतात. कंट्रोलरवर ही जुळणी हाताने करावी लागते. आणि हँडहेल्डच्या नेटवर्कवर क्लायंट आयसोलेशन चालू नाही ना, हे बघा. ते चालू असलं तर एका हँडहेल्डचं पाकीट दुसऱ्याला कधीच मिळत नाही.

माझी एक चूक सांगतो. दक्षिण गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग आणि देखभालीच्या लोकांसाठी मी अशीच व्यवस्था बसवली. जुन्या घरांना जोडून केलेलं बांधकाम, दीड-दोन फूट जाड चिऱ्याच्या भिंती. काम जुलैत झालं. पाऊस, खोल्या रिकाम्या. मी सगळीकडे फिरून बोललो, आवाज घंटेसारखा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला की काहीच ऐकू येत नाही. जाऊन बघतो तर प्रत्येक खोलीत चार-चार फोन, टॅब, लहान मुलांचे कार्टून, आणि सगळं २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे मी कर्मचाऱ्यांनाही बसवलं होतं. मी ऑफ-सीझनची हवा मोजून सीझनचं काम केलं होतं. नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत राबून कर्मचाऱ्यांचं नेटवर्क ५ गिगाहर्ट्झवर नेलं. ५ गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीतून फारसं जात नाही, म्हणून जादा ॲक्सेस पॉइंट लावावे लागले. तेव्हापासून मी मोजणी गर्दीतच करतो.

तुमच्या कारखान्यात 'सीझन' म्हणजे कागद. गोदाम रिकामं असताना मोजलेला सिग्नल रिळं छतापर्यंत रचल्यावर राहत नाही, आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो तेव्हा आणखी घटतो, कारण पाणी वायफाय शोषतं. धक्क्यावर ट्रक लागला की पत्र्याची भिंतच उभी राहते. म्हणून माल भरलेला असताना, ट्रक लागलेला असताना, लॅपटॉपने नव्हे तर त्याच हँडहेल्डने मोजा. लॅपटॉपचा अँटेना मोठा असतो, तो खोटा दिलासा देतो. माणूस उभा राहतो त्या प्रत्येक जागी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा (उण्यापुढचा आकडा जितका लहान, तितका सिग्नल जोरदार). धक्क्याच्या बाहेरच्या अंगाला एक ॲक्सेस पॉइंट लागेल असा माझा अंदाज आहे. वास्को-दाबोळीकडे बंदर आणि नौदलाचा विमानतळ असल्याने मी रडारशी वाटून घ्यायचे ५ गिगाहर्ट्झचे चॅनल टाळतो, कारण रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला चॅनल सोडावाच लागतो. कुंडईत ते वापरायला हरकत नाही, पण महिनाभर लॉग बघत राहा.

हँडहेल्डवरचं काम अगदी थोडं. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद झाली की ॲप झोपवण्याची व्यवस्था आली. या ॲपला बॅटरीच्या बचतीतून वगळा. स्क्रीन बंद असताना मल्टिकास्ट ऐकायचं तर ॲपने सिस्टमकडून मल्टिकास्ट लॉक धरून ठेवावं लागतं. ते धरत नसेल तर ॲप बनवणाऱ्याला विचारा, तुम्हाला ते बाहेरून करता येणार नाही. बाजूचं स्कॅनचं एक बटण बोलण्यासाठी नेमा. हातमोजे घालून स्क्रीनवर बोट कुणी टेकवत बसत नाही.

यंत्रांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका भाषेच्या गोष्टीची, आणि ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला कधी सापडली नाही. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'मशीन चालू करू नका.' घाईत माणूस शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटण सोडतो, किंवा शेवटची पाकिटं हवेत हरवतात, आणि पलीकडे पोचतं: 'मशीन चालू करू'. कोकणीत 'करूं नाका', कन्नडमध्ये 'बेड', तिथेही नकार शेवटीच. तुमच्या शेडमध्ये या तिन्ही भाषा बोलल्या जातात. मी जिथे ही व्यवस्था बसवतो तिथे एक नियम घालून देतो: नकार द्यायचा असेल तर आधी 'थांबा, थांबा' म्हणायचं, मग काय ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचं. बटण दाबल्यावर बीप ऐकायची, मग बोलायचं. बोलणं संपल्यावर मनात 'एक' म्हणून बटण सोडायचं. ॲपमध्ये बटण सोडल्यावरही अर्धा सेकंद माइक चालू ठेवायची सोय असेल तर ती नक्की लावा. पुठ्ठा कापणाऱ्या रोटरी आणि स्लॉटर यंत्रांत हात घालून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मी यावर अडून बसतो. आणि कुणी हात घालणार असेल तेव्हा यंत्राचा मेन स्विच कुलूपबंद करणं हाच नियम, रेडिओवरचा शब्द त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुम्ही असंही विचारलंय की जुने चार खरे वॉकीटॉकी विकून टाकू का. त्यांचा परवाना चालू असेल तर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वायफाय वापरायला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून हँडहेल्डवरची व्यवस्था कागदपत्रांत सोपी. खरे वॉकीटॉकी दूरसंचार विभागाच्या परवान्यावर चालतात. विनापरवाना चालतील असे कमी शक्तीचे साधारणपणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा संच नेमका कोणत्या पट्ट्यातला आहे हे बघितल्याशिवाय घेऊ नका. पण ते चार संच ठेवा म्हणतो ते दुसऱ्याच कारणासाठी. वीज गेली, स्विच जळला, आग लागली, की वायफायवरची वॉकीटॉकी नेमकी तेव्हाच बंद पडते. जूनमध्ये तुमच्याकडे तेच झालं. खऱ्या संचांना मध्ये काही लागत नाही. एक सुरक्षारक्षकाकडे, एक बॉयलरवर, एक धक्क्यावर, एक तुमच्या टेबलावर, चार्ज केलेले. सोबत ज्या स्विचवरून ॲक्सेस पॉइंटना वीज जाते तो यूपीएसवर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या, पुढच्या जूनच्या आधी. शाई आणि सॉल्व्हंट ठेवता ती खोली ज्वलनशील क्षेत्रात मोडत असेल तर तिथे साधं हँडहेल्ड नेऊच नका. स्फोटक पदार्थांवर देखरेख करणाऱ्या पेसोची, म्हणजे नागपूरच्या कार्यालयाची, मान्यता असलेलंच उपकरण तिथे चालतं.

आता रविवारी, कारखाना बंद असताना, फक्त क्वेरिअर चालू करा. बाकी काही बदलू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. दोन्ही शेडमध्ये एकेक माणूस उभा करा, ॲप उघडा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं कुणीही बटणाला हात लावू नका. लगेच बोलून बघाल तर आजही चालतंच, त्यातून काही सिद्ध होत नाही. अकराव्या मिनिटाला बोला. पलीकडे ऐकू आलं तर पुढच्या रविवारी वेग आणि डीटीआयएम हाती घ्या. नाही आलं, तर त्या क्षणी स्विचवरची आयजीएमपीची नोंदवही उघडून तिचं चित्र काढा आणि मला पाठवा. त्यात दुसऱ्या शेडची वायर दिसते की नाही, एवढंच मला बघायचं आहे.